पहिला आणि तिसरा मंगळवार

मंगळवार उजाडला की मार्तंड कर्णिकांच्या पायाला थारा नसे. सगळेच मंगळवार नव्हेत. महिन्यातला पहिला आणि तिसरा. त्या दिवशी ते घाटकोपरच्या पंतनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत सकाळपासून येरझारा घालत, खिडकीशी जात, घड्याळात बघून साडेनऊ तास वजा करत आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसत.

"अहो, तिकडे अजून माणसं अंथरुणात आहेत," वनमालाबाई म्हणत. "ती उठली की मग फिरा."

शहाऐंशी साल होतं. अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेत एकेकट्या माणसासाठी मांडलेली विधेयकं फक्त या दोन मंगळवारी पुकारली जात. तशा एका विधेयकावर कर्णिकांच्या मुलीचं नाव होतं.

पद्मजा लग्न होऊन एक्याऐंशीत ओहायोला गेली. नवरा चंद्रप्रकाश गुप्ते इंजिनियर. दोघांचे तिथे कायम राहण्याचे कागद पूर्ण होत आले असताना, चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, बर्फावरून त्याची मोटार घसरली आणि तो जागच्या जागी गेला. अर्ज त्याच्या नावावर होता. तो गेला, त्याच्याबरोबर अर्जही गेला. दीड वर्षाची मृणालिनी जन्माने अमेरिकन, आणि तिची आई मात्र परकी.

"परत ये," असं वनमालाबाईंनी चार पत्रांत लिहिलं. पाचव्या पत्राला उत्तर आलं. 'आई, तिथे मी आयुष्यभर चंद्रप्रकाशची विधवा होऊन राहीन. इथे मी लॅबमधली पद्मजा आहे. मला इथे राहायचं आहे.' त्यानंतर वनमालाबाईंनी तो विषय पत्रात काढला नाही. तिथल्या खासदाराने तिच्यासाठी विधेयक मांडलं. ते विचारात असेपर्यंत तिला कोणी बाहेर काढणार नव्हतं. पण तिने देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत आत घेतलं नसतं. नात चार वर्षांची होत आली तरी आजी-आजोबांनी तिला फोटोतच पाहिलं होतं.

कर्णिक एकतीस वर्षं आपल्या विधानमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसायचं, जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये टिपायचं आणि नंतर टाइप करून द्यायचं. कायदा कसा होतो ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. मंत्री उठतात, विधेयक मांडतात, विरोधक ओरडतात, पक्षाने सांगितलेले हात वर होतात, झालं. सरकारने आणलेलं विधेयक पडल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

अमेरिकेतलं गणितच वेगळं निघालं. मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत आठवड्यातून दोनदा बसून त्यांनी ते समजून घेतलं होतं. तिथे पक्षाचा हुकूम कोणी फारसा मानत नाही. प्रत्येक सभासद आपल्या मतदारसंघाचा मालक. हजारो विधेयकं येतात, बहुतेक समितीतच मरतात. समितीचा अध्यक्ष नुसता गप्प बसला तरी पुरे. आणि पद्मजाच्या विधेयकासारख्या खाजगी विधेयकाला सभागृहात दोघांनी हरकत घेतली की ते परत समितीत. दोन वर्षांची मुदत ऑक्टोबरात संपली की जे राहिलं ते सगळं रद्दी. पुन्हा पहिल्यापासून.

पद्मजाचं विधेयक समितीतून सुटलं होतं. पण जूनमध्ये ते पुकारल्यावर दक्षिणेकडच्या, सूतगिरण्यांच्या मुलखातल्या एका सभासदाने हरकत घेण्याचा धाक घालून ते बाजूला ठेवायला लावलं. का, ते कोणी सांगेना.

हे सगळं ऐकणारा कर्णिकांचा एकच श्रोता होता, समोरच्या बिऱ्हाडातला दशरथ राऊळ. सावंतवाडीकडचा, चाळिशी उलटलेला. लालबागच्या गिरणीत तेरा वर्षं मागावर काढली, ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली, आणि दोन वर्षं पडेल ते काम केल्यावर आता साकीनाक्याच्या एका गारमेंट युनिटात कापड कापायला लागला होता. तिथे शर्ट शिवून अमेरिकेला जात. त्याची बायको जानकी त्याच युनिटात धागे कापायला जाई.

तो पहिल्यांदा विचारायला आला तो आदल्या वर्षीच्या डिसेंबरात.

"काका, आमचो शेठ म्हणता, अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केलान. बाहेरचे शर्ट बंद. आमचं युनिट बंद. ही काँग्रेस म्हणजे आपली इंदिरा काँग्रेस नाय ना?"

"नाही रे. तिथे कायदेमंडळालाच काँग्रेस म्हणतात." कर्णिकांनी त्याला बसवलं. "बाहेरून येणाऱ्या कपड्यांवर कडक मर्यादा घालणारं विधेयक आहे. दोन्ही सभागृहांत झालंय. पण राष्ट्राध्यक्षांनी सही न करता परत पाठवलं."

"म्हणजे मेलं?"

"नाही. सभासदांपैकी तीनात दोन जणांनी पुन्हा होकार दिला, तर राष्ट्राध्यक्षांना न जुमानता कायदा होतो. मतदान सहा ऑगस्टला ठेवलंय."

"आठ महिने? आत्ता कित्याक नाय?"

"आत्ता मतं कमी पडतात. आठ महिन्यांत जमवतील. एकेकाला गाठून."

"आणि तुमच्या पद्मजाताईचो खासदार खंयच्या बाजूक?"

"विधेयकाच्या विरोधात मत दिलंन त्याने. तुझ्या बाजूचा आहे."

दशरथचा चेहरा खुलला. "बघा! म्हणजे तो आपल्या दोघांचो खासदार." त्या दिवसापासून तो कामावरून आला की चहाचा कप घेऊन कर्णिकांच्या दारात उभा राही. "काय म्हणतो आपलो खासदार?" असं विचारी. कर्णिकांना त्या प्रश्नाची सवय झाली होती. खरं तर दिवसभर ते त्याचीच वाट पाहत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पद्मजाचं पत्र आलं. वनमालाबाईंनी ते आधी वाचलं, आणि कर्णिक बाजारातून आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"सुटलं हो. सुटणार म्हणून कळवलंय पोरीने."

कर्णिकांनी पिशवी खाली न ठेवताच वाचलं. खासदाराच्या कचेरीतल्या मदतनिसाने पद्मजाला बोलावून सांगितलं होतं. दक्षिणेकडचे ते सभासद हरकत मागे घ्यायला तयार आहेत. त्यांना कपड्यांच्या विधेयकासाठी मतं हवी आहेत. आमचे साहेब या वेळी त्यांच्याबरोबर मत देतील, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी तुझं विधेयक बिनहरकत जाईल.

'त्याने मला काही विचारलं नाही, बाबा,' पद्मजाने लिहिलं होतं. 'फक्त सांगितलं. फार आनंदाने सांगितलं. मलाही आनंद झाला. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. हे असंच चालतं का?'

कर्णिकांनी पिशवी खाली ठेवली. मग उचलली. मग स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि बाहेर आले.

"काय झालं?" वनमालाबाईंनी विचारलं.

"दशरथचा खासदार गेला."

"असू दे. आपली पोर राहिली ना?"

त्या संध्याकाळी दशरथ दारात आला तेव्हा कर्णिकांनी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम देवळात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी बागेत. साठीतला माणूस आपल्याच शेजाऱ्याला चुकवत हिंडतो आहे, याची त्यांना लाज वाटली. घरात बसवेना, बाहेर करमेना. एकदा तर ते घाटकोपर स्टेशनापर्यंत चालत गेले आणि काही काम नाही म्हणून परत आले.

रविवारी दशरथनेच जिन्यात गाठलं.

"काका, माझ्यावर रागावलात काय?"

"नाही रे."

"मगे? शेठने काल सांगितलान, मतदान होईपर्यंत नवी ऑर्डर नाय. दहा बायकांना घरी बसवलं. जानकी त्यात आसा. आपलो खासदार काय म्हणतो?"

कर्णिक त्याला घरात घेऊन आले. वनमालाबाई डोळ्यांनी 'नको' म्हणत होत्या ते त्यांना दिसलं. तरी त्यांनी पद्मजाचं पत्र काढलं आणि तो भाग सगळा वाचून दाखवला.

दशरथ म्हणाला, "म्हणजे माझं पोट देऊन ताईंचं काम."

"असंच आहे."

"ताईंनी मागितलं नाय ना?"

"नाही. मीही नाही."

"ता माका कळता." तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "काका, त्या खासदाराला माणसं पत्रं लिहितात, असं तुम्हीच सांगितलं होतं. गठ्ठेच्या गठ्ठे येतात, ते मोजतात."

"मोजतात."

"मगे माझं एक लिहा."

वनमालाबाई पुढे आल्या. "दशरथ, अरे आमच्या पद्मजाचं—"

"काकू, ताईंचं वाईट व्हावं असं माझ्या मनात आलं तर माझी जीभ झडो. पण माका पण तोंड आसा ना?"

कर्णिकांनी कपाटातून वही काढली. पेन्सिलीला टोक केलं. निवृत्तीनंतर त्यांनी शॉर्टहँडला हात लावला नव्हता. बोटं आखडलेली होती. "बोल," ते म्हणाले.

दशरथ उभाच राहिला. हात मागे बांधले.

"साहेब, मी दशरथ राऊळ. मी तुमचो मतदार नाय. मी मुंबईत ऱ्हवतंय. तेरा वर्षं गिरणीत होतो. गिरणी बंद पडली म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला तुमच्या इथली माणसं असतील. त्यांच्या बायका काय बोलतात ते माका ठाऊक आसा, माझी पण तेच बोलली. त्यांचं काम जाऊ नये. पण त्यांचं काम आम्ही नेलं नाय. आम्ही शर्ट कापतो, चोरी नाय करत. आमच्याकडे चाळीस माणसं आहेत. तुम्ही आधी आमच्या बाजूने मत दिलंत, तेव्हा आम्ही तुमका आपलो म्हटलं. आता मत फिरवू नका." तो थांबला. "आणि लिहा, या पत्रामुळे पद्मजाताईंचं काम अडवू नका. ते काम चांगलं आहे. ते वेगळं, हे वेगळं."

कर्णिकांची पेन्सिल थांबली. "तिचं नाव नको घालूस. तुझं-माझं नातं कळेल त्यांना. उलटाच अर्थ काढतील."

"काढू देत. मी बोललो ते लिहा."

"दशरथ—"

"तुम्ही मंत्र्यांचं बदलायचात काय?"

नव्हते बदलत. सभागृहात कोणी शिवी दिली तरी कर्णिक ती लिहीत. वगळायचं की नाही ते अध्यक्षांनी ठरवायचं. त्यांनी शेवटचं वाक्यही उतरवून घेतलं. दशरथ गेल्यावर त्यांनी टाइपरायटर पुढे ओढला आणि इंग्रजीत पत्र तयार केलं. दोनदा त्यांना वाटलं, 'मत फिरवू नका' ऐवजी 'पुन्हा विचार करावा' म्हणावं. तेवढ्याने कोणाचं काय बिघडणार होतं? दोन्ही वेळा त्यांनी हात मागे घेतला. सकाळी दशरथने खाली मराठीत सही केली आणि तो कामावर गेला.

वनमालाबाईंनी पाकीट पाहिलं.

"टाकणार आहात?"

"त्याने विश्वासाने दिलंय."

"आणि त्या माणसाने खरंच ऐकलं तर? मत नाही दिलं तर? सप्टेंबरात परत हरकत, आणि ऑक्टोबरात सगळं संपलं. स्वतःच्या पोरीच्या मुळावर पत्र टाकायला निघालात तुम्ही."

"एका पत्राने मत बदलत नाही गं."

"मग टाकता कशाला?"

कर्णिक पोस्टात गेले. पाकिटावर तिकिटं लावली. पेटीजवळ उभे राहिले, बाजूला झाले, एका म्हाताऱ्याचा मनिऑर्डरचा फॉर्म भरून दिला, पुन्हा पेटीजवळ आले. पत्र टाकलं नाही तर दशरथला कधीच कळणार नव्हतं. पण रोज संध्याकाळी तो दारात येणार होता. त्यांनी पाकीट आत सोडलं, आणि सोडल्याबरोबर पेटीच्या फटीत दोन बोटं घातली. पाकीट खाली पोचलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे वनमालाबाई त्यांच्याशी कामापुरतं बोलल्या. जेवायला या. दूधवाला आलाय. दशरथही दारात येई, पण चहाचा कप घरी ठेवून येई. जानकी घरी बसली होती आणि तिला एकटीला सोडून बाहेर चहा पिणं त्याला बरं वाटत नसावं. कर्णिक रात्री कुशीवर वळत. आपण नक्की काय मागतो आहोत, हे त्यांना कळेना. खासदाराने पत्र मानावं असं वाटे, आणि लगेच पद्मजाचा चेहरा समोर येई. मानू नये असं वाटे, आणि भिंतीपलीकडे जानकी भांडी घासताना ऐकू येई.

आठ ऑगस्टच्या सकाळी कर्णिक पेपरवाल्याच्या आधी रस्त्यावर होते. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. विधेयकाच्या बाजूने दोनशे शहात्तर, विरुद्ध एकशे एकोणपन्नास. राष्ट्राध्यक्षांचा नकार मोडायला आठ मतं कमी पडली.

ते दोन-दोन पायऱ्या चढत वर आले आणि दशरथचं दार ठोठावलं.

"पडलं. आठ मतांनी."

जानकी आतून धावत आली. दशरथने पेपर हातात घेतला, इंग्रजी वाचता येत नसूनही त्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"आणि आपलो?"

"ते पेपरात नाही."

ते पंधरा दिवसांनी लायब्ररीत कळलं. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे मत छापलेलं असतं. ओहायोच्या त्या सभासदाने दिलेला शब्द पाळला होता. त्याचं मत दोनशे शहात्तरांत होतं. कर्णिकांनी येऊन दशरथला सांगितलं, तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दशरथच्या नावाने जाड कागदाचं पाकीट आलं. वर सोनेरी शिक्का. 'कापड आयातीच्या प्रश्नावरील आपले विचार कळवल्याबद्दल आभारी आहे. ते मी ध्यानात ठेवीन.' खाली सही.

"त्याने वाचलं असेल काय, काका?"

हो म्हणणं सोपं होतं. "नसेल," कर्णिक म्हणाले. "त्याच्या माणसाने उघडलं असेल. विरुद्ध बाजूच्या रकान्यात एक खूण केली असेल."

"पण खूण केली?"

"खूण केली असणार."

दशरथने कागदाची नीट घडी केली आणि खिशात घातली. जानकी सोमवारपासून कामावर जाऊ लागली होती.

सोळा सप्टेंबरचा मंगळवार कर्णिकांनी घराबाहेर काढला. चार दिवसांनी तार आली, सभागृहात बिनहरकत मंजूर. दक्षिणेकडच्या सभासदाने बोलणं पाळलं होतं. कपड्यांचं विधेयक पडलं तरी मत मिळालं होतं, आणि उद्या पुन्हा मत लागणार होतं. राहिलं तिथलं दुसरं सभागृह, सिनेट. ऑक्टोबरात मुदत संपायला दोन दिवस उरले असताना तिथे अशा विधेयकांचा एक गठ्ठा एकदम मंजूर झाला. चर्चा झालीच नाही. पद्मजासाठी कोणी एक वाक्य बोललं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या अंबादास भोईटेंची हाक आली. फोन त्यांच्याकडेच होता. दोघं खाली धावली.

"बाबा, सही झाली. कायदा झाला."

वनमालाबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला, रडल्या, नातीला चार शब्द बोलायला लावले, पुन्हा रडल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला देत्ये. तुमच्याशी काही बोलायचंय म्हणते." आणि भोईटेवहिनींना सांगायला आत गेल्या.

"बाबा, ते पत्र तुम्ही लिहिलंत ना?"

"दशरथने सांगितलं. मी लिहिलं."

"त्या मदतनिसाने सप्टेंबरात दाखवलं. तुझ्या गावचा माणूस आमच्याविरुद्ध लिहितो आणि तुझी रदबदलीही करतो, म्हणाला. हसत होता." लाइनीत खरखर झाली. "माझं काम मोडलं असतं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला आधी विचारायचं होतंत."

"तू काय म्हणाली असतीस?"

पलीकडे मृणालिनी काहीतरी इंग्रजीत मागत होती. पद्मजाने तिला गप्प केलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणूनच विचारायचं होतंत."

कर्णिकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तेवीस डिसेंबरचं विमान आहे," पद्मजा म्हणाली. "दशरथकाकांना सांगा, मला त्यांना भेटायचंय. तुमच्याशी आल्यावर बोलेन. ठेवते."

वर जाताना वनमालाबाई दोन पायऱ्या पुढे होत्या. त्या थांबल्या.

"शेवटी काय म्हणत होती?"

"तेवीसला येते म्हणाली."

"ते मला सांगितलं तिने. त्याच्याआधी?"

कर्णिकांनी जिन्यातच कठड्याला धरून सगळं सांगितलं. वनमालाबाई ऐकत उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडलं आणि बंद झालं.

"तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत पुढे चढू लागल्या.